बंगला, शेजारासकट

दर्याअण्णांना पोहता येत नव्हतं. मासळीचा वास आला की त्यांना गरगरायचं, आणि लाटेला ते एवढे भ्यायचे की पुळणीवरसुद्धा बूट घालून, पळायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून जरा तिरके उभे राहायचे. अशा माणसानं आमच्या सोलापुरात बसून समुद्र विकला. नुसता नव्हे, बंगल्यासकट.

मे महिन्यात आमच्या शुक्रवार पेठेत असं ऊन पडतं की कावळा सावलीसाठी माणसाच्या मागं मागं चालतो. त्या उन्हात अण्णा घरासमोरच्या कट्ट्यावर मांडी घालून बसायचे आणि एखादं गिऱ्हाईक समोर धरून म्हणायचे, "डोळे मिटा. ऐकू येतंय का?" पलीकडच्या घरात कुणाचा तरी कूलर घरघरत असायचा. गिऱ्हाईक डोळे मिटूनच मान हलवायचं आणि म्हणायचं, "येतंय की." एकदा मीही डोळे मिटून बसलो. खोटं कशाला सांगू, ओठावर मीठ लागलं. घाम असेल, असं आमची ही म्हणाली. हिला अशा गोष्टींतलं काही कळत नाही.

अण्णा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे आनंद झाला की कानडीत बोलायचे आणि व्यवहार अडला की एकदम पुस्तकातल्या मराठीत. त्यांनी पुस्तकी मराठी सुरू केली की पेठेतली माणसं खिसे सांभाळायची. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकुलती मुलगी माढ्याला दिलेली. म्हणून मग जेवणाच्या वेळी ते आमच्या भिंतीवर बोटांनी टकटक करायचे, इकडून ही गरम भाकरी द्यायची, तिकडून अण्णा तिच्यातल्या मिठावर अभिप्राय द्यायचे. मी शाळेत क्लार्क. पेठेत मला सगळे 'सर' म्हणतात, ही पदवीसुद्धा अण्णांनीच दिलेली. शेजारी क्लार्क राहतो असं सांगण्यापेक्षा सर राहतात असं सांगितलं तर आपल्या घराचा भाव वाढतो, हे त्यांचं गणित.

कोकणच्या किनाऱ्यावर 'सागरसुख' नावाची बड्या लोकांची कॉलनी होती. तिथले बंगले विकायचं काम अण्णांकडं आलं, आणि सोलापुरातला एकही बरा डॉक्टर, वकील किंवा टॉवेलवाला त्यांच्या तावडीतून सुटला नाही. या मंडळींनी वर्षातून चार दिवस तिथं जायचं, गच्चीवर उभं राहून फोटो काढायचा, चपलांत वाळू घेऊन परत यायचं आणि उरलेलं वर्षभर 'आमचं तिकडचं घर' असं म्हणत फिरायचं. राहायला घर घेणारे वेगळे आणि म्हणायला घर घेणारे वेगळे. हे दुसरे जास्त पैसे देतात, असं अण्णांचं निरीक्षण होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मी घर विकतच न्हाय की. शेजार विकतो. चार भिंती काय, कुटं बी मिळत्यात." आणि मग ते शेजार मांडून दाखवायचे. डाव्या अंगाला हाडांचे डॉक्टर, उजव्या अंगाला फौजदारी वकील. आपण जिन्यावरून पडलो तर इकडं जायचं, कुणी ढकललं असलं तर तिकडं. यावर गिऱ्हाईक खूश व्हायचं. डॉक्टरला वकिलाचं नाव सांगून आणि वकिलाला डॉक्टरचं नाव सांगून अण्णांनी दोघांनाही बंगले विकले होते. प्रत्यक्षात ते दोघं तिथं एकमेकांना कधी दिसले असतील तर तो चमत्कार समजावा.

मग मंदी आली. पहिल्यांदा वकिलांच्या फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली. ते पाहून डॉक्टरांनी लावली. बघता बघता सगळ्या कॉलनीला पाट्यांचा गोवर उठला. घ्यायला मात्र कुणी येईना. पोहण्याच्या तलावातलं पाणी आटलं आणि, अण्णांच्या सांगण्याप्रमाणे, त्यात एक म्हैस बाळंत झाली. इकडं सोलापुरात काल-परवापर्यंत अण्णांना गाडी थांबवून चहा पाजणारे लोक त्यांना बघून गाडीची काच वर करायला लागले. हाडांच्या डॉक्टरांनी तर अण्णांच्या गुडघ्याचं दुखणं मनाचं आहे म्हणून सांगितलं.

एकच माणूस काच वर न करता कट्ट्यावर येऊन बसायचा. ते चादरवाले शेठ. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्यांचे माग. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांना समुद्र नको होता, गच्ची नको होती, फोटोही नको होता. अण्णांनी आग्रह केला म्हणून त्यांनी बंगला घेतलेला. आता चादरींच्या ऑर्डरी आटल्या होत्या. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी लागणाऱ्या सायकली दर आठवड्याला विरळ होत होत्या. शेठ येऊन नुसते बसायचे, अण्णा त्यांना दर्यावर्दी गोष्टी सांगायचे. एकदा मधेच शेठ म्हणाले, "अण्णा, तेवढा बंगला गेला तर माग चालू राहतील. नाहीतर दिवाळीला कुलूप." बोलून ते उठून गेले. त्या दिवशी अण्णांनी भिंतीवर टकटक केली नाही. भाकरी गार झाली.

नंतर दोन-तीन गिऱ्हाइकं बंगला बघून आली. सगळ्यांनी एकच सांगितलं : घर झकास आहे, पण तिथं चिटपाखरू नाही, कुलपांच्या शेजारी राहायला कोण जाईल? हे ऐकून अण्णा कट्ट्यावरून असे उठले की मला वाटलं त्यांना विंचू चावला. मालात खोट नव्हती. शेजार संपला होता, एवढंच. आणि शेजार तर शुक्रवार पेठेत उतू चालला होता.

पुढच्या रविवारी एक मेट्रनबाई बंगला बघायला येणार होत्या. मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, मुलं परदेशात, स्वतः एकट्या. अण्णांनी एक आख्खी बस ठरवली आणि आमची गल्ली तिच्यात भरली. सगळ्या बंगल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडंच होत्या. घाट उतरेपर्यंत त्यांनी प्रत्येकाला हुद्दा दिला. मी दुबईहून परतलेला इंजिनिअर झालो. आमची ही इंजिनिअरची मिसेस, जिला स्वयंपाकघर कुठं आहे ते माहीत नाही. यावर तिनं घाट संपेपर्यंत अण्णांशी अबोला धरला. कोपऱ्यावरचे शिंपीकाका निवृत्त न्यायाधीश झाले, कारण त्यांच्याकडं काळा कोट होता. गिऱ्हाइकानं न नेलेला. मग अण्णांनी बसमध्ये उभं राहून सगळ्यांना ताकीद दिली. "श्रीमंतावानी वागायचं. म्हंजे कुणाशी बोलायचं न्हाय. शेजाऱ्याकडं बघायचं न्हाय. हसायचंच असलं तर दात न दाखवता."

फाटकांवरच्या पाट्या उतरवल्या, म्हशीला हाकललं, दारं उघडली. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही श्रीमंत होतो. मग आमच्या मिसेसला माहीत नसलेल्या स्वयंपाकघरात मीठ सापडेना, आणि तिनं गच्चीतून न्यायाधीशांच्या घरी अशी हाक दिली की समुद्र अर्धा हात मागं सरला. न्यायाधीशीणबाईंनी मीठ दिलं, वर शेंगाचटणीही दिली. वाटी रिकामी परत कशी द्यायची म्हणून हिनं तीत झुणका भरला. तो बघून तिसऱ्या बंगल्यातून भाकरीची विचारणा झाली. पुढं कुंपणावरून वाट्यांची एवढी ये-जा सुरू झाली की एका गलबतानं दिशा चुकून भोंगा वाजवला. कठड्यांवर सोलापुरी चादरी वाळत पडल्या. दोघीजणींचं जुनं भांडणही मधेच आठवण होऊन सुरू झालं. अण्णा या फाटकातून त्या फाटकाकडं धावत होते आणि दात न दाखवता शिव्या देत होते.

नेमक्या त्याच वेळी मेट्रनबाई आल्या. पांढरी साडी, ताठ मान, आणि नजर अशी की बघताक्षणी जीभ बाहेर काढावीशी वाटावी. त्यांनी मला विचारलं, दुबईत कुठं होतात? मी म्हटलं, मेन रोडला. न्यायाधीशांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या ब्लाउजकडं निरखून बघत म्हणाले, "बाही उसवलीय ताई. राहू देऊ नका, दोन टाक्यांचं काम आहे." अण्णांनी डोळे मिटून घेतले. त्यांना काय ऐकू येत होतं कोण जाणे. लाटा नक्कीच नव्हत्या.

बाई मात्र शेठच्या बंगल्याच्या पायरीवर बसल्या. हिनं पुढं केलेल्या ताटलीतली भाकरी-चटणी त्यांनी सावकाश खाल्ली. मग अण्णांना म्हणाल्या, "ही सगळी माणसं इथंच राहतात?" जन्मभर ज्या माणसाची जीभ एकदाही अडली नव्हती, त्या माणसाला घाम फुटला. "राहतात की," अण्णा म्हणाले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं, क्षणभर नाडी बघितली. "फार पळतेय," एवढंच म्हणाल्या. आणि बंगला घेतला.

परतीच्या बसमध्ये आम्ही जो दंगा केला तो इथं लिहिण्याजोगा नाही. शेठचे माग चालू राहिले. फाटकाशी सायकली परत दाट झाल्या. शेठनी गल्लीत घराघरात एक एक चादर दिली. ही ती अजून वापरत नाही, खराब होईल म्हणते. अण्णांचा तर असा रुबाब वाढला की हाडांच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

मग एका संध्याकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. अण्णांनी कट्ट्यावर ऐटीत फोन मोठ्या आवाजात लावला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"अण्णा, बंगल्याचा ताबा मिळाला," बाई म्हणाल्या. "शेजार कधी देताय?"

अण्णांनी पुस्तकी मराठी सुरू केली. सर्व मंडळी तूर्तास परगावी गेलेली असून, वगैरे. बाईंनी ते वाक्य पुरं होऊ दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आयुष्यभर वॉर्डात झोपेचं सोंग घेतलेले पेशंट बघितलेत मी. तुम्ही कोण आहात ते मला पहिल्या घासाला कळलं होतं. म्हणूनच घर घेतलं. वाटलं, जो माणूस एवढी माणसं गोळा करू शकतो, तो एखादं तरी मागं ठेवेल." आणि पुढं म्हणाल्या, "संध्याकाळी इथं एकाही खिडकीत दिवा नसतो हो."

मोठ्या आवाजातला फोन बारीक कसा करायचा ते अण्णांना सुचेना. आम्ही सगळे इकडंतिकडं बघत बसलो.

आठवडाभर अण्णा कट्ट्यावर आले नाहीत. आणि आले ते ट्रंक घेऊनच. हाडांच्या डॉक्टरांचा बंगला बाईंच्या शेजारीच होता. कुणी खिडक्या उघडल्या तर डॉक्टरांनाही हवंच होतं. शेठनी परोपरीनं सांगितलं की आपण तिथं वॉचमन ठेवू, पगार मी देतो. अण्णा चिडले. "वॉचमन म्हंजे शेजार हाय व्हय? इकलंय ते द्याय नको?"

मासळीचा वास, लाटा, गुडघा, सगळ्याची आम्ही त्यांना आठवण करून दिली. मीही जोर लावून पाहिला. ही मात्र काही न बोलता शेंगाचटणीची बरणी फडक्यात बांधत होती. एसटीत चढताना अण्णांनी आपल्या घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, गिऱ्हाईक बघा एखादं. मला आता दोन घरं काय करायची? विकायला जमंल की तुमाला. जवळून बघितलंय सगळं."

अण्णा तिकडं चांगले रुळलेत म्हणतात. बूट घालूनच पुळणीवर जातात, बाई त्यांना लाटेपर्यंत ओढत नेतात, आणि जेवणाच्या वेळी अण्णा कुंपणावर टकटक करतात. बाईंच्या भाकरीला मीठ कमी असतं, अशी त्यांची तक्रार आहे. हे कळल्यावर हिनं आठवडाभर माझ्या भाकरीत मीठच घातलं नाही. दिवेलागणीला ही किल्ली घेऊन पलीकडं जाते आणि अण्णांच्या खिडकीत दिवा लावून येते. वीज फुकट जाते, असं मी म्हणत नाही.

अण्णांचं घर बघायला गिऱ्हाइकं येतात. मी त्यांना कट्ट्यावर बसवतो. शेजार कसा आहे, असं प्रत्येकजण विचारतोच. मी म्हणतो, डोळे मिटा, ऐकू येतंय का? मी एक बारीक खाकरतो आणि भिंतीपलीकडून आमची ही सुरू होते. भांडी आपटतात, सात पिढ्यांचा उद्धार होतो, मधेच कुणाचं तरी डोकं फोडल्याचा आवाज येतो. तो नारळ असतो. मी हळूच सांगतो, नवरा शाळेत क्लार्क आहे, पण फार वाईट माणूस. शिंपीकाका समोरून काळा कोट घालून जातात आणि यांची केस अजून चालूच आहे, एवढं सांगून पुढं निघतात. अजून एकही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलेलं नाही.

परवा अण्णांचा फोन आला. मागं लाटा ऐकू येत होत्या. या वेळी डोळे मिटावे लागले नाहीत. म्हणाले, "सर, घर तसंच पडून हाय व्हय? एवढं मोक्याचं, अजून कसं जाईना?"

मी म्हटलं, "मंदी आहे, अण्णा."

बाजाराची नस न् नस ओळखणाऱ्या त्या माणसानं फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणाला, "लई दिवस राहील म्हणता?"

"राहील की," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश या."