पाणी तोडल्यानंतर

"वय झालंय तिचं. पाणी तोडायचं विसरली असेल," माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं.

समोर मावशी उकिडवी बसली होती. कांद्यांची पात एकत्र घेऊन वेणी घालायला गेली की पात तिच्या हातात तुटत होती. ओली, चिकट. तिनं दुसरे कांदे घेतले. तेही तसेच, बुडाशी नवी पांढरी मुळं फुटलेले.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. टायफॉइडमुळे मुंबईच्या इंग्रजी शाळेतलं वर्ष बुडालं होतं आणि हवापालटासाठी मला नागावला आत्याकडे ठेवलं होतं. नुसतं पडून राहिलं तरी दमायला व्हायचं. जेवणाचासुद्धा थकवा यायचा. आत्यानं मला महिला मंडळाच्या बागकामाच्या वर्गात घातलं. शाळेच्या मागे आठवड्यातून दोनदा आम्ही सात-आठ मुली जमायचो, आणि शिकवायला ही सगळ्या गावाची मावशी. भातकापणीनंतर पांढरा कांदा लावावा तो तिनंच, असं गाव म्हणायचं. पण तिला सही येत नव्हती, आणि मंडळातल्या काहीजणींना शिकवायला तालुक्याहून शिकलेला माणूस हवा होता. यंदाचा कांदा बघून ते ठरणार होतं.

रोप लावण्याआधी पातीचे शेंडे छाटायचे असतात. मी एकेक रोप हातात घेऊन, सारखं कापून, बाजूला मांडत बसले.

"एकेकाचं बारसं करतेस का, बाय? सांज व्हईल," मावशी म्हणाली. मुली हसल्या. मी मान खाली घालून भराभर कापायला लागले. मी दमले की ती काही विचारायची नाही. वाफ्याच्या कडेला बसू द्यायची आणि उपटलेलं गवत माझ्यापुढे टाकायची, मुळांची माती झटकायला. एवढं मला जमायचं.

शिमग्याआधीच्या एका शनिवारी तिनं शेजारच्या वाडीतून येणाऱ्या पाटाच्या तोंडाशी मातीचं मोठं ढेकूळ बसवलं.

"आजपासून पाणी न्हाय. आता माना पडतील, पडू दे. पात सुकली तर वेणी टिकंल."

मी ते नीट ऐकलं होतं. पण चार दिवसांत सगळ्या वाफ्यांतली पात आडवी झाली, आणि माझ्या शाळेच्या पुस्तकात लिहिलं होतं की झाडानं मान टाकली म्हणजे त्याला तहान लागलेली असते. शेजारी चित्रही होतं. मला मावशीपेक्षा पुस्तक खरं वाटलं. हे लिहायला अजूनही जड जातं.

घागर उचलायची माझ्यात ताकद नव्हती. दुपारी वाडीतला रहाट चालू असायचा, पाट भरून वाहायचा. मी पायानं ढेकूळ सरकवलं. पाणी माझ्या एकटीच्या वाफ्यात कसं जाणार? सगळ्यांच्याच गेलं. थोड्या वेळानं ढेकूळ होतं तसं बसवलं आणि घरी येऊन झोपले. असं तीन दुपारी केलं.

आता कांदे काढून झाले होते आणि मंडळाच्या अध्यक्ष काकू मावशीसमोर उभ्या होत्या. "पाणी कधी तोडलंस गं?"

"शिमग्याआधीच्या शनवारी."

"मग हे ओलं कसं?"

मावशीनं कांदा उलटा करून मुळं बघितली. पुष्कळ वेळ बघितली. "तोडलं व्हतं," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "का तोडलंच न्हवतं? शिमग्याच्या कामात मीच इसरले असंन."

काकूंना तेवढंच हवं होतं. "बरं. पुढच्या वर्षाचं मग मंडळात बघू," म्हणत त्या फाटकाकडे निघाल्या. मावशी कांदे टोपलीत भरायला लागली, एकेक पदराला पुसून.

मला कोणी काही विचारणार नव्हतं. मी मुंबईची, आजारी, आठ-दहा दिवसांत परत जाणारी. घरी जाऊन आडवं व्हावं एवढंच मनात होतं. काकूंनी फाटकाची कडी काढली.

"काकू," मी म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं नाही, म्हणून परत म्हणाले, "काकू, मावशीनं पाणी तोडलं होतं. पाट मी फोडला. तीन दुपारी."