खुर्चीत न बसलेली सरपंच

माझ्या लहानपणी आमचं घर तीनदा हललं. जमीन मालकाची, आम्ही त्याच्याच शेतावर मजुरीला. त्याला तुकडा हवा झाला की निरोप यायचा. आई कुडाच्या भिंती सोडायची, वडील डोक्यावर वासे घेऊन पुढच्या माळाला जायचे. वाडीतल्या एकाही घराची ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. म्हणून वीज नाही, आणि कुणी ऊठ म्हटलं की उठायचं.

चौथ्यांदा निरोप आला नाही, थेट जेसीबी आला. मालकानं माळ बंगल्यांच्या प्लॉटिंगला दिला होता. माझी आत्या तेव्हा भातलावणीच्या मजुरीवर जगणारी एकटी बाई. ती बायकांना म्हणाली, "भांडू नका. चुली बाहेर घ्या."

वाटेवर ओळीनं चुली पेटल्या, तव्यावर भाकऱ्या पडल्या. आमच्याकडं पेटत्या चुलीला कुणी पाय लावत नाही. जेसीबीवाल्यानं यंत्र बंद केलं.

"बस रं दादा, तू बी खा," आत्या म्हणाली. मालक बांधावरून ओरडत राहिला आणि हा जेवला. जेसीबी पुन्हा आला नाही.

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. आत्या सरपंच झाली, पण खुर्चीत बसेना. वाडीवरची माणसं कचेरीत आली की सवयीनं खाली बसत, म्हणून तीही जाजमावर. सरपंच खाली आणि आपण वर, हे सदस्यांना बरं दिसेना. मग इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तेही खाली टेकायचे आणि उठताना मागची धूळ झटकत पुटपुटायचे.

उपसरपंच एकदा म्हणाले, "सरपंचबाई, खुर्ची चावती का काय?"

"चावत न्हाई. पर तितनं मानसं लई बारकी दिसत्यात."

मी तिला घरी म्हटलं, "आत्या, त्यांना हा अपमान वाटतोय."

"वाटू दे. कालेजात तुला बाकडं मिळालं. ह्यास्नी कुटं मिळालंय?"

ती चुकत होती असं मला तेव्हा वाटलं. आजही थोडं वाटतं.

दोन वर्षांनी सदस्यांनी अविश्वासाची नोटीस दिली. वाडीतले सगळे म्हणाले, सदस्यांच्या घरोघर जाऊन हात जोड. ती गेली नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी ग्रामसभा होती, आणि पद जायच्या आत वाडीची घरं नोंदवायचा ठराव तिला तिथं करून घ्यायचा होता. वाडीतली पहिली बी.ए. मी. सगळे अर्ज मीच लिहिले. नाव कुणाचं घालू विचारलं, तर म्हणाली, "जी सारवती, तिचं."

ग्रामसभेत बायकांनी हात वर केले ते ग्रामसेवकानं ठराव लिहून संपवेपर्यंत खाली घेतले नाहीत. आत्यानं सावकाश सही केली. दोन दिवसांनी तिच्या बाजूनं तिचं एकटीचंच मत पडलं. बाहेर येऊन चपला घालत म्हणाली, "चल गं, भूक लागली."

आता ती पुन्हा भातलावणीला जाते. पुढच्या निवडणुकीत तिला कुणी उभं राहा म्हटलं नाही.

वाडीतल्या सगळ्या घरांची नोंद झाली, आणि प्रत्येक नोंदीत त्या घरातल्या बाईचं नाव आहे.