नेटची वाटणी

रहिमतपूरच्या आमच्या घरात कॅमेरे बसवले ते माझ्या थोरल्या दिरांनी. ते फौजेत असतात. सुट्टीवर आले तेव्हा दोन कॅमेरे अंगणात लावले आणि तिसरा हॉलमध्ये. "म्हाताऱ्या मानसांची काळजी वाटती," म्हणाले.  

त्याच हॉलच्या कोपऱ्यात बसून मी काम करते. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी टाइप करायचे. कॅमेऱ्यांचं चित्र दिरांना तिकडं त्यांच्या मोबाइलवर दिसतं. एकदा त्यांचा फोन आला. "आज दुपारी दोन तास कुनाशी बोलत हुता तुमी?"

मी मीटिंगमध्ये होते. तसं सांगितलं. "बरं बरं," म्हणाले. पण त्या दिवसापासून मी ओढणी सावरत टाइप करू लागले आणि माझा मलाच राग येऊ लागला.

त्याच सुमारास कंपनीनं सगळ्यांना विचारलं, कामाचा लॅपटॉप घरातल्या बाकीच्या वस्तूंपासून वेगळ्या नेटवर आहे का? मी खरं ते लिहिलं. टीव्ही, कॅमेरे, शेजाऱ्यांचे मोबाइल, सगळं एकाच पासवर्डवर चालतं. उत्तर आलं, महिन्याभरात वेगळं करा, नाहीतर पुण्याला येऊन बसा.

नेटवाल्याला फोन लावला. "ताई, ते कंपनीत असतंय. घरात न्हाई हुत. मालकांस्नी द्या फोन."

"मालक कामावर गेलेत. काय सांगायचं ते मला सांगा."

त्यानं फोन ठेवला. मग मी आठवडाभर वाचत बसले, व्हिडिओ बघितले, वहीत चित्रं काढली. साताऱ्याला जाऊन दुकानदाराला विचारलं, एका डब्यातून तीन वेगळी नेट काढता येतील असा सगळ्यात स्वस्त राउटर कोणता? तो महागातलेच दाखवत राहिला. मीही हटले नाही. शेवटी खालच्या फळीवरून धूळ बसलेला एक खोका निघाला.

पहिल्या दिवशी मी सगळ्या घराचं नेट घालवलं. ज्या तारेनं माझा लॅपटॉप राउटरला जोडला होता, तीच तार मी चुकून कॅमेऱ्यांसाठी काढलेल्या नेटवर टाकली, आणि मग मलाच राउटरच्या सेटिंगमध्ये शिरता येईना. टाचणीनं मागचं बटण दाबून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सासरे येऊन उभे राहिले.

"काय चाललंय गं?"

"नेटची वाटणी करतेय, मामा."

"वाटनी? आमी जित्तं हाय अजून."

मी त्यांना वही दाखवली. एक भाग माझ्या कामाचा, एक घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलचा, एक कॅमेरे आणि टीव्हीचा. एकातून दुसऱ्यात जाता येणार नाही. त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं. "म्हंजी पान्याचा पाट योकच, दारं तीन," म्हणाले आणि शिडी धरायला आले, कारण कॅमेऱ्यांना नव्या नेटवर घेण्यासाठी वर चढावं लागणार होतं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही भाग चालू झाले. मोबाइलवरून लॅपटॉप शोधून बघितला. दिसला नाही. कंपनीला कळवलं. मग हॉलच्या कॅमेऱ्याचं चित्र दिरांच्या मोबाइलवर जायचा रस्ता तेवढा मी राउटरमध्ये बंद केला. वायर उपटता आली असती, पण मग 'लाईट गेली असंल' म्हणून विषय मिटला असता. मला तो मिटवायचा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दिरांचा फोन आला. "हॉलचा कॅमेरा बंद पडलाय."

"पडला नाही. मी बंद केलाय. अंगणातले दोन दिसतील."

"कुनाला इचारून?"

"बसवताना मला कुणी विचारलं होतं?"

त्यांनी मामांना फोन द्यायला सांगितलं. मी दिला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "तिचं ती बघती," म्हणाले, "तू तुजी ड्युटी बघ."

नंतर दोन-तीन महिने दीर माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्यानं एकदा सुचवलं, "चालू कर की, कशाला उगं?" मी केला नाही. पुढच्या सुट्टीत दीर आले, चहा झाला, आणि त्यांनी वायफायचा पासवर्ड मागितला. मी घरचा दिला.

"आन् त्यो दुसरा? कामाचा?"

"तो कुणालाच देत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही मान खाली घातली नाही. मोबाइल खिशात घालून ते उसाकडं निघून गेले.