मुहूर्ताआधीच उघडलेला प्रोग्रॅम

गयामावशींनी एन्टर दाबला आणि पडद्यावर थेट कोरं बिल आलं. समई नाही, मावशींचं नाव नाही, काही नाही. जमलेले पाहुणे हातात अक्षता धरून तसेच उभे राहिले.

"समई कुठं गेली गं?" मावशींनी मला विचारलं.

लातूरजवळच्या मुरुडचं हे बी-बियाण्यांचं दुकान मावशींच्या नावावर. गल्ल्यावर बसतात त्यांचे चिरंजीव दत्ताभाऊ, पन्नाशीला टेकलेले. मी नांदेडला विष्णुपुरीत राहते आणि दुकानांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम करून देते. मावशींची अट एकच होती. "आदल्या दिवशी टाकून ठेव, पण उघडायचा न्हाई. मुहूर्तावर मीच उघडणार. कुणी उष्टं केलेलं मला चालत न्हाई." प्रोग्रॅम टाकायचा आणि उघडून बघायचा नाही! नैवेद्याचा शिरा चाखता येत नाही, तसलंच हे. हात शिवशिवत होते, पण शब्द दिला आणि पाळला.

वर हौसेनं खास स्क्रीनही केली होती. समई उजळते, खाली दुकानाचं नाव आणि 'गयाबाईंच्या हस्ते शुभारंभ'. ही फक्त पहिल्या वेळी दिसते. पहिली वेळ आहे हे प्रोग्रॅमला कसं कळतं? सोपं आहे. उघडल्या उघडल्या तो एक बारकी फाइल शोधतो. नाही सापडली तर समजतो, पहिलीच वेळ. मग समई दाखवतो आणि ती फाइल खूण म्हणून ठेवून देतो. पुढच्या वेळी खूण दिसली की थेट बिल.

म्हणजे इथं खूण आधीच पडली होती.

"तू उघडून बघितलंस ना? खरं सांग."

"नाही हो मावशी. शप्पथ!"

"मग काय देवानं येऊन उघडलं?"

दत्ताभाऊ मधे पडले. "असू दे की आई. पोरीच्या हातून चुकून दाबलं गेलं असंल."

माऊसवर पूजेतलं फूल आणि ओलं कुंकू होतं, म्हणून मी त्याला हात न लावता कीबोर्डवरूनच फोल्डर उघडला. खुणेची फाइल आज सकाळचीच निघाली. तेव्हा मी रात्रीचा मुक्काम आटोपून लातूरहून मुरुडला येणाऱ्या एसटीत होते. मान वर केली, तर दत्ताभाऊ डोळ्यांनीच माझ्याकडे गयावया करून राहिलेले.

अस्सा संताप आला! चोरून बघायचं यांनी आणि नाव माझं खराब. पण गिऱ्हाइकाला त्याच्या आईसमोर, चार पाहुण्यांत खोटं कसं पाडायचं? मी गप्प बसले.

मावशींना ती कबुलीच वाटली. "परत घेऊन जा बाई हे. जिच्या शब्दाचा भरवसा न्हाई, तिचा प्रोग्रॅम माझ्या दुकानात नको."

दारात शेजारचे दोन दुकानदार उभे होते. त्यांनाही हाच प्रोग्रॅम हवा होता. आता ते एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पूजेचं ताट आवरताना मावशींनी माऊसवरचं फूल उचललं आणि त्या थांबल्या.

"मी सकाळी गोल बोट लावलं होतं कुंकवाचं. ह्याचा फराटा कुणी केला?"

त्यांनी आधी माझा हात उलटून बघितला. स्वच्छ.

"दत्त्या, हात दाखव."

दत्ताभाऊंचं बोट लालभडक.

"टिळा लावला ना आई सकाळी..."

"तुझ्या कपाळाला अष्टगंध हाय की रे!"

पाहुण्यांत खसखस पिकली. दत्ताभाऊ शाळेतल्या पोरासारखे उभे. मग हळूच म्हणाले, "पाटीवर तुझं नाव, पिशवीवर तुझं नाव. म्हटलं, ह्यात तरी कुठं माझं हाय का बघावं."

मावशींनी हातातलं फूल ताटात ठेवलं. मग म्हणाल्या, "लेकराचं उष्टं चालतंय मला. पण आधी ह्या पोरीला हात जोड. तुझ्यापायी नको ते बोलले मी तिला."

दत्ताभाऊंनी हात जोडले. माझा राग तिथंच गेला. मी खुणेची फाइल पुसली. प्रोग्रॅम झालं गेलं विसरला. समईखाली मावशींच्या शेजारी दत्ताभाऊंचं नाव टाकलं. मावशींनी परत एन्टर दाबला, समई उजळली, अक्षता पडल्या. थोड्या कीबोर्डच्या फटीतही गेल्या. दारातल्या दोघांनी जाताना माझा नंबर घेतला.

प्रोग्रॅम कधी उघडला, एवढंच माझ्या फाइलला सांगता आलं. कुणी उघडला, ते कुंकवानं सांगितलं. तेव्हापासून कुठंही प्रोग्रॅम टाकला की निघताना मी माऊसवर ओल्या कुंकवाचं बोट लावते. दुकानदार म्हणतात, पोरगी लई देवभोळी हाय. मी मान डोलावून 'हाव' म्हणते.