टाळ तिचे, ट्रॅक सगळ्यांचा

शुक्रवारी दुपारी आम्ही नवरा-बायकोनं टाळ घासले. एकत्र केलेलं शेवटचं काम ते. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर एवढंसं. एक जण वळला की दुसऱ्यानं भिंतीला टेकायचं. मी टाळांची दोरी ताणून धरायची, हिनं चिंचेच्या कोळानं घासायचं. शनिवारी भजन असायचं, म्हणून दर शुक्रवारी हे काम. "घट्ट धरा, झोपलात का?" एवढंच ती बोलली. शनिवारी सकाळी ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला. गावात पिठाच्या गिरणीवर जन्म गेला. नातवंडं सांभाळायला मुलानं आम्हाला सिंगापूरला आणलं. मला येते ढोलकी, हिला यायचे टाळ. भजनात आणखी दोघं होते. एक पेटीवाला, आंग मो किओला कसल्या तरी कंपनीत इंजिनिअर, मितभाषी. दुसरा गाणारा, महागड्या कॉन्डोत राहणारा. गळा गोड आणि बोलणं त्याहून गोड. मला गाणारा आवडायचा. ही म्हणायची, "चुकल्यावर जो दुसऱ्याकडं बघतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका." गाणारा चुकला की माझ्या ढोलकीकडं बघायचा. पेटीवाला चुकला की स्वतःच कान धरायचा.

ही असतानाच आम्ही ट्रॅक केला, कल्पना पेटीवाल्याची. "काका, गाणं नको, नुसती साथ वाजवून ठेवू. ज्याला शनिवारी जमत नाही तो घरी लावून म्हणेल." रेकॉर्डिंगला तोआ पायोहला त्याच्या घरी बसलो. आवाज येतो म्हणून पंखा बंद, नुसत्या घामाच्या धारा. मधेच हिचा पदर घसरला, तो तिनं सावरला, आणि चार ठोके टाळ वाजलेच नाहीत. "पुन्हा घेऊ?" त्यानं विचारलं. "आता नाही रे बाबा. खांदे भरून आलेत. पदर काय माझ्या एकटीचाच पडतो?" तसाच ठेवला.

इंटरनेटवर टाकायच्या आधी त्यानं आम्हाला समोर बसवलं. लोकांनी तो कसा वापरायचा याचं लायसन्स कसलं लावायचं ते आत्ताच ठरवा म्हणाला. एकदा दिलं की परत मागता येत नाही.

"भजनाला कसलं लायसन्स?" मी म्हटलं. "रिक्षा आहे का ती?"

हिनं मला गप्प केलं. "मंडळाच्या भांड्यांसारखं असेल हो. न्या, काय हवं ते शिजवा. वरचं नाव खोडायचं नाही, आणि भाड्यानं द्यायची नाहीत."

"काकू, हेच लिहितो," तो हसला. "आणि कुणी त्यात बदल केला तर?"

"कल्हई लावली तर लावू दे की."

तसंच लिहिलं गेलं. खाली आमची तिघांची नावं.

ती गेल्यावर मी भजनाला जायचा थांबलो. खाली ब्लॉकच्या बाकावर बसायचं, जेवायला हाक आली की वर यायचं. असे दोन-अडीच महिने गेले असतील, आणि गाणाऱ्याचा फोन आला. "काका, गणपतीच्या कार्यक्रमात आपल्याच ट्रॅकवर गातोय. तो मधला चार ठोक्यांचा खड्डा फार नडतो हो. म्हणून काकूंचे टाळ पूर्ण काढले, कॉम्प्युटरचे घातले. एकदम क्लीन झालंय."

"विचारलंस कुणाला?"

"विचारायचं कशाला? बदलाची परवानगी तुम्हीच दिलीय. लायसन्स वाचा ना."

"तुझ्या बापाचे टाळ होते का?" म्हणालो आणि फोन आपटला.

संध्याकाळी पेटीवाला घरी आला. मी सरळ सांगितलं, ट्रॅक परत घे, कुणालाच द्यायचा नाही आपला ट्रॅक. तो समोर स्टुलावर बसला. गोड बोलला असता तर मी त्याला हाकलला असता.

"काका, परत घेता येत नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं. तो बदल करू शकतो. आपली नावं ठेवली पाहिजेत, बदल केलाय हे लिहिलं पाहिजे आणि विकायचं नाही. एवढंच आपण मागू शकतो. ते मी त्याच्याकडून करून घेतो."

"म्हणजे तिचे टाळ गेले."

"त्याच्या ट्रॅकमधून गेले. आपला आहे तसाच आहे. पण खरं सांगू? त्या खड्ड्यात सगळेच अडखळतात. लोक त्याचाच उचलतील, आपला कुणी लावणार नाही." मग म्हणाला, "ते चार ठोके तुम्ही वाजवा. काकूंच्याच टाळांवर. बाकी सगळं त्यांचंच राहील. नको म्हणालात तर मी हात लावणार नाही."

बदल करायचा हक्क त्यालाही होता. तरी तो विचारायला आला. हिनं माणूस बरोबर ओळखला होता, आणि हे तिला सांगायची सोय आता नाही.

"उद्या ये," मी म्हटलं. "आज अंगात बळ नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून टाळ काढले. काळे पडले होते. वाटीत चिंच भिजत घातली.

"आमटी करायचीय का बाबा?" सुनेनं विचारलं.

"नाही. टाळ घासायचेत."

एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हातानं घासता येत नाही. दोनदा टाळ सिंकमध्ये पडले. सून ऑफिसची पर्स खांद्यावर घेऊन बघत होती. पर्स ओट्यावर ठेवली.

"मी धरू?"

"धर," म्हणालो. "पण घट्ट धर."