जावयाला घेऊन औलीच्या बर्फावर

लोकरीच्या टोपीला वर गोंडा का असतो, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. टोपीचं प्रयोजन डोकं आणि कान झाकणं. गोंडा यातलं काहीच झाकत नाही. तो थंडी अडवत नाही, टोपीची घडी होऊ देत नाही, आणि धारकाचं वय काहीही असो, त्याला बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला ससा करून सोडतो. शाळेत संस्कृत शिकवण्यात माझा जन्म गेला. निव्वळ चरण भरण्यासाठी घातलेले 'च' आणि 'वै' मी पुष्कळ पाहिले. पण त्यांना निदान वृत्त तरी सांभाळायचं असतं. गोंड्याला तेही नाही. दर हिवाळ्यात पुण्यात लोकरीचे कपडे घेऊन बसणाऱ्या तिबेटी बाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "बिना गोंडा नहीं है. लेना है तो लो." इतकी वर्षं इथे बसून बाई पक्क्या पुणेकर झाल्या आहेत.

टोप्या पाच घ्यायच्या होत्या. मी, आमची मंडळी म्हणजे मालती, मुलगी मेधा, नात इरा आणि जावई प्रफुल्ल. मालतीने सगळ्या टोप्या तिथल्याच ओट्यावर पसरल्या आणि आधी जावयापुढे धरल्या.

"प्रफुल्लराव, तुम्ही आधी घ्या. आवडेल ती घ्या. नसेल आवडत तर दुसरीकडे जाऊ."

"आई, कोणतीही चालते न मला."

"असं कसं? कोणतीही कशी चालेल?"

शेवटी त्याच्या वाट्याला निळी आली आणि माझ्या वाट्याला, उरलेली म्हणून, जांभळी. सासुरवाडीने जावयाचे लाड करावेत हे रास्तच आहे. पण हे लाड वेगळे होते. प्रफुल्लची नोकरी महिन्याभरापूर्वी गेली होती.

औलीला बर्फावर घसरायला जायचं ही कल्पना त्याचीच. मूळचा अकोल्याचा माणूस. त्याने बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसातला. पण त्याच्या परदेशी क्लायंटचं ऑफिस नाताळात पूर्ण बंद असतं, म्हणून हिंजवडीतल्या या लोकांना वर्षात तेवढीच बिनघोर रजा मिळते. ऑगस्टमध्ये त्याने गाड्या, खोल्या, शिकवणारा माणूस, सगळं ठरवलं, पैसे भरले आणि इराला शब्द दिला. मग अमेरिकेत बँका बुडाल्या आणि नोव्हेंबरात याला एका खोलीत बोलावून घेतलं. तो मला एवढंच म्हणाला होता, "बाबा, टेबलावर टिश्यूचा डबा आधीच ठेवलेला होता. तो पाहिला न, तेव्हाच समजलं."

सहल रद्द करावी म्हणून मी शनिवार पेठेतल्या आमच्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "पैसे परत मिळणार नाहीत. जा किंवा जाऊ नका. पैशांना फरक पडत नाही." घरी आल्यावर हा निर्णय मालतीला सांगितला. भरलेले पैसे सोडून देणारं माणूस आमच्या घराण्यात झालेलं नाही. ती म्हणाली, "जायचं. तेवढंच त्यांचं मन रमेल."

त्याच दिवशी मेधाचा फोन आला. ती प्रफुल्लच्याच क्षेत्रात, दुसऱ्या कंपनीत आहे. प्रवासात पाळायचे नियम तिने सांगितले. नोकरी, ऑफिस, पगार, इंटरव्ह्यू हे शब्द काढायचे नाहीत. "आणि 'काम' पण नको, बाबा. शक्यतो." 'काम' हा शब्द टाळून मराठीत किती वेळ बोलता येतं ते वाचकांनी करून पाहावं. मी साडेतीन वाक्यांपर्यंत पोचलो.

आता प्रवासाचं. पुण्याहून दिल्लीला रेल्वे, तिथून हरिद्वारला दुसरी रेल्वे, तिथून जोशीमठपर्यंत टॅक्सी. जेवण घरचं घ्या. आमच्याकडे दोन दिवसांच्या दशम्या, चटणी आणि मालतीने 'लागेल' म्हणून घेतलेलं जे जे असतं ते होतं. पुणे स्टेशनवर प्रफुल्लने सगळ्यांत मोठी बॅग उचलायला हात घातला, तोच मालती धावली.

"राहू द्या, राहू द्या! तुम्ही कशाला? अहो, बघताय काय? घ्या ना!"

हे 'अहो' म्हणजे मी. माझ्या कमरेचा पट्टा त्याच बॅगेत होता. गाडीत खिडकी प्रफुल्लला, खालचा बर्थ प्रफुल्लला, दशमीवरचं तूप प्रफुल्लला. मेधा त्याच्याशी असं बोलत होती, जसं आपण दुसऱ्याच्या घरच्या कुत्र्याशी बोलतो. या दोघी एरवी अशा नाहीत. लग्न होऊन आठ वर्षं झाली; मालतीने जावयाला ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून, भाजी न निवडता आणण्यावरून, 'करून राहिलो' म्हणण्यावरून वेळोवेळी नीट सुनावलेलं आहे. आता एकदम हा मध. पुण्यात कुणी तुमच्याशी सलग तीन दिवस गोड बोललं तर समजावं, आपलं काहीतरी फार बिघडलं आहे. प्रफुल्लला ते समजत होतं. तो खिडकीबाहेर बघत "हो", "चालेल", "थँक्यू आई" इतकंच बोलत होता.

हरिद्वार ते जोशीमठ टॅक्सीला अख्खा दिवस लागतो. पहाटे निघा, म्हणजे अंधाराच्या आत पोचाल. गाडी लागत असेल तर पुढे बसा आणि पोट अर्धंच भरा. देवप्रयागला थांबाच. अलकनंदा आणि भागीरथी तिथे भेटतात, आणि दोन नद्यांचे दोन रंग पुढे बराच वेळ एकमेकींना जागा देत नाहीत. मी घसा खाकरला.

"श्लोक नको," मालती म्हणाली. "गाडी थांबवण्याचे पैसे घेतील."

पुढच्या घाटात ड्रायव्हरने आरशातून बघत प्रफुल्लला विचारलं, "और भाईसाब, आप क्या करते हो?"

मेधाने कारण नसताना "ते बघा, धबधबा!" म्हणून हात केला. तिकडे दगड होते. मालतीने आलेपाकाची वडी ड्रायव्हरच्या तोंडापाशी नेली आणि वळणावर गाडी दरीकडे दोन वितींनी सरकली. या गोंधळात इराने उत्तर देऊन टाकलं.

"बाबा घर पे रहता है. मुझे स्कूल छोडता है. आई से अच्छा छोडता है."

"बहुत बढ़िया," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने हॉर्न दिला. प्रफुल्ल बाहेरच बघत राहिला.

जोशीमठला मुक्काम करा आणि औलीला रोपवेने जा. जाऊन-येऊन माणशी काही शे रुपये लागतात. भाव तिथेच विचारा, कारण मला जो सांगितला तो मालतीने तिथल्या तिथे बदलून घेतला. वाऱ्याचा जोर असला तर रोपवे बंद राहतो आणि तुम्ही खाली मॅगी खात बसता. आमचा एक दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी वर पोचलो, तर सगळी शिखरं समोर रांगेने उभी आणि नंदादेवी मधोमध. तिच्याकडे बघताना मी खरोखरच गप्प झालो. मालतीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बर्फ मात्र बेताचा. नाताळात तो पडेलच असं नाही, हे कुणी आधी सांगत नाही. वरच्या उतारावर एक चांगला पट्टा होता, शिकणाऱ्यांना पुरेसा. स्कीचं सामान भाड्याने मिळतं. ते बूट हा स्वतंत्र छळ आहे. ते घोट्यात वाकत नाहीत, त्यामुळे मनुष्य चालत नाही, त्याची स्थापना करावी लागते. प्रफुल्ल बाकावर बसून बुटाच्या कड्या लावत होता. तेवढ्यात मालती त्याच्यापुढे बर्फात गुडघे टेकून बसली.

"द्या इकडे, मी लावते."

"आई, नको न." त्याने पाय मागे ओढला. तो लाल झाला होता, आणि ते थंडीने नव्हतं. "प्लीज. नका करू असं."

"त्यात काय झालं? वाकावं लागतं तुम्हाला."

शिकवणारे नेगीजी म्हणून होते. मालतीने त्यांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार हात, आणि तिचा आवाज शनिवार पेठेतला. "भाईसाब, हमारे जावई है. इनको जोर से मत बोलना. आजकल जरा... समजो ना."

नेगीजींनी प्रफुल्लला नखशिखांत न्याहाळलं. "बीमार हैं?"

"नहीं, नहीं! बीमार नहीं."

"तो फिर जोर से ही बोलना पड़ेगा, माताजी. ऊपर हवा चलती है."

आणि ते बोलले. "घुटना मोड़ो! घुटना! अरे, पीछे क्या देखते हो, पीछे कोई नहीं है! हाथ आगे!" प्रफुल्ल पडला. उठला. पुन्हा पडला. "उठो! किसका इंतज़ार है?" प्रत्येक ओरड्याला मेधा डोळे मिटून घेत होती. मी प्रफुल्लकडे बघत होतो. त्याचे खांदे हळूहळू वर येत होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो बराच खाली आला, सरळ, काठ्या सांभाळून. इरा टाळ्या पिटायला लागली. तिच्याकडे बघण्याच्या नादात थांबायचं कसं ते तो विसरला, आणि खाली सतरंजीवर थर्मास उघडून बसलेल्या सासूबाईंच्या पुढ्यात येऊन कोसळला. चहा उडाला. खाण्याचा डबा उतारावरून निघाला तो थेट दिसेनासा झाला.

मालतीच्या तोंडून, दीड महिना कोंडलेलं, एका दमात बाहेर पडलं. "डोळे कुठे ठेवलेत? एवढा मोठा हिमालय मोकळा पडलाय, आणि तुम्हाला माझाच थर्मास सापडला? थांबता येत नाही तर सुटायचं कशाला माणसाने? आणि लोळताय काय तसेच? डबा आणा आधी तो! स्टीलचा आहे!"

मग तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मेधा पांढरी पडली. "आई!" एवढंच म्हणाली.

प्रफुल्ल बर्फात उताणा पडून हसत होता. आधी मला वाटलं खोकतोय. टोपी कुठल्या कुठे गेली होती, कानात बर्फ, आणि हा हसतोय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई," तो म्हणाला, "दीड महिन्यानं बोलल्या तुम्ही माझ्याशी. मला वाटून राहिलं होतं, मी मेलो की काय."

मालतीने त्याच्या अंगावरचा बर्फ झटकला, म्हणजे बऱ्यापैकी मारलंच, आणि म्हणाली, "डबा."

तो डबा आणायला गेला. त्यानंतर सहलीत त्याने सगळ्या बॅगा उचलल्या, टॅक्सीवाल्याशी भांडून दर कमी केला, माझ्या कमरेला पट्टा बांधून दिला, आणि भांडी नीट विसळली नाहीत म्हणून सासूची बोलणी खाल्ली. मेधा त्याच्याशी एकदा पूर्ण पंधरा मिनिटं भांडली. घर पुन्हा घरासारखं झालं.

सहल इथेच संपवली असती तर बरं झालं असतं. पण परतताना रोपवेच्या ट्रॉलीत आम्ही दोघं शेजारी उभे होतो. खाली देवदार, ऊन स्वच्छ, इरा काचेला नाक लावून. प्रफुल्लने हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी भीती वाटली होती का? नोकरी जाईल म्हणून?"

मी विचार केला. आमची शाळा अनुदानित. एका मुख्याध्यापकांशी माझं कैक वर्षं पटलं नाही, तर ते मला फार तर आठवीचा शेवटचा तास देऊ शकत होते, आणि तो त्यांनी दिला. याहून वाईट काही माझं कुणी करू शकत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"हं," तो म्हणाला, आणि खाली बघायला लागला. मला वाटलं, काहीतरी जोडावं. ट्रॉली खाली पोचली तरी मला ते सुचलं नाही.

आता पुण्यात परतून तीन आठवडे झाले. जाणाऱ्यांसाठी सांगतो: नाताळात जाऊ नका, जानेवारी संपताना किंवा फेब्रुवारीत जा, बर्फ खात्रीचा मिळेल. हातमोजे दोन जोड्या न्या. बूट घालताना कुणालाही मदत करू देऊ नका. इराने वर्गात जाऊन सांगितलं की तिचा बाबा हिमालयावरून आजीवर पडला, आणि ते शब्दशः खरं असल्याने आम्ही दुरुस्त केलेलं नाही. प्रफुल्ल रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसतो, पत्रं पाठवतो. दोन ठिकाणी बोलावणं आलं, दोन्हीकडून पुढे काही कळलं नाही. हे सगळं लिहू का, म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, "लिहा न बाबा. वाचून कोणी फोन केला तर बरंच आहे." इथपर्यंतचं त्याला वाचूनही दाखवलं. पुढचं दाखवलेलं नाही.

भेटेल त्याला मी सांगतो की त्याला नोकरी मिळेल, हुशार मुलगा आहे, हे दिवस जातील. त्यालाही सांगतो, दर रविवारी, जेवताना. मेधा हल्ली साहेबाच्या आधी घरी निघत नाही, तिलाही हेच सांगतो. पण हे जग मला कळत नाही. त्याला नोकरी मिळेल की नाही, मला माहीत नाही. आणि मी बोलत असताना तो मान वर करून माझ्याकडे बघतो, तेव्हा मला माहीत नाही हे त्याला कळत असेल, याची मला भीती वाटते.