रबरकाकांचा चपट्या

रबरकाका आठवड्यातून चारदा खाडीवर मासे धरायला जात आणि त्यांच्या अंगाला कधीही माशाचा वास येत नसे. याची कारणं दोन. एक म्हणजे ते आमिष म्हणून रबराचा मासा वापरत. दुसरं म्हणजे त्यांना मासा कधी लागतच नसे.

पहिल्या कारणाला मी जबाबदार होतो. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं शाकाहारी, आणि उरलेली खिडक्या बंद करून मासे तळणारी. मी उरलेल्यांपैकी, शिवाय सेक्रेटरी. काका पूर्वी आमिषाला कोलंबी वापरत. एकदा त्यांची पिशवी लिफ्टमध्ये गळली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या दारात सहा तक्रारी. मी लगेच नोटीस लावली: ‘लिफ्टमधून ओले मासे, कोलंबी अथवा तत्सम वस्तू नेऊ नयेत. आज्ञेवरून, सेक्रेटरी.’ कोणाच्या आज्ञेवरून, हे मलाही ठाऊक नव्हतं. काकांनी चष्मा पुसून नोटीस दोनदा वाचली आणि वर गेले. आठवड्याने त्यांनी माझी बेल वाजवली आणि तळहातावर एक हिरवट, लिबलिबीत, शेपूट हलवणारी वस्तू धरली. “काय सेक्रेटरी, हा तत्सम आहे का?”

तो रबरी मासा त्यांनी कुरियरने मागवला होता. पाकिटावर परदेशातल्या एका टोपीवाल्या गोऱ्याचा फोटो होता आणि त्याच्या हातात एक मासा होता. त्या माशाचं डोकं कुणी इस्त्री फिरवल्यासारखं चपटं, आणि दोन्ही डोळे वरच्या बाजूला. “हा आपलाच रे!” काका म्हणाले. “गुहागरला माझे वडील खाडीत धरायचे. वाळूत पोट टेकून पडून राहतो लबाड. चव विचारशील तर गोडसर, आणि काटा आपणहून सुटतो.” बाजारात तो क्वचितच दिसायचा. त्याचं खरं नाव काकांना आठवत नव्हतं, म्हणून ते त्याला चपट्या म्हणत. आमच्या इमारतीत त्या माशाचं नाव इतक्या वेळा घेतलं गेलं, की शाकाहारी लोकही त्याची चौकशी करू लागले.

चपट्या धरायची रीत काकांनी तीन शब्दांत बसवली होती. उचल, पाड, थांब. रबर तळाला जाऊ द्यायचं, काठीने हलकंसं उचलायचं, परत पडू द्यायचं आणि थांबायचं. “तो पडताना घेतो. उचलताना कधीच नाही. माणसं उचलण्यातच दमतात,” असं ते सांगत. हा मंत्र ते मासे सोडून सगळीकडे लावत. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं की मागून काका म्हणत, “सेक्रेटरी, मुद्दा उचललास, पाडलास, आता थांब की!” मी थांबत नसे. त्यामुळे आमची टाकी अजूनही गळते.

वेळेचं गणित मात्र त्यांचं खानदानी होतं. मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात हे मी त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभं राहून ते तिथी शोधत आणि शाळेत पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणत. “आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती. पाणी फिरलं की तिवरांतली कोलंबी बाहेर निघते आणि चपट्या तोंड उघडून बसतो.” अडचण एवढीच, की काका तिथीवर चालत आणि काकू उपासांवर. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि चतुर्थी या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात माशाचं नावही निघत नसे. “चांगली ओहोटी नेमकी उपासालाच येते. समुद्रसुद्धा हिच्या माहेरचा आहे,” अशी काकांची तक्रार होती.

बाजारात जवळच्या तारोडी गावाहून मासे विकायला येणारी एक मावशी बसे. काका रिकाम्या हाताने खाडीवरून परतताना ती त्यांना हाक मारून रबर बघायला मागे आणि बाजूच्या बायकांमध्ये फिरवे. “काका, मासा काय ल्हान पोर हाय? खेळन्याला भुलंल?” काका शांतपणे म्हणत, “मावशी, माणसं भुलतात, मग मासा का नाही?” यावर सगळ्या टोपल्या हसत. काका तिच्याकडून बांगडे घेत आणि ते घरी जिन्याने नेत. पण ‘मी धरले’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते बाजारातले आहेत असं भेटेल त्याला आपणहून सांगत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यात दोष माझा आहे.

झालं असं, की काकांना मासा लागत नसे, पण ‘टक्’ लागत असे. दोरीवरून बोटाला टक् असं कळतं, चपट्या रबर तोंडात घेतो, आणि मग सोडून देतो. दर दोन दिवसांनी काका जिन्यात थांबून टक् ची हकिकत सांगत. एका संध्याकाळी चार लोकांसमोर मी म्हणालो, “काका फेकतात छान!” गळ फेकतात की थापा, हे मी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. सगळे हसले, काकाही हसले. पण शब्द इमारतभर झाला. वॉचमनसुद्धा विचारू लागला, “काका, आज कितना फेका?” हळूहळू काकांनी टक् ची हकिकत सांगणं बंद केलं. जिन्यात भेटले की फक्त म्हणत, “मी पाण्यातच फेकतो हं, सेक्रेटरी.”

मग मुलाने पुण्याला मोठं घर घेतलं आणि काका-काकूंना तिकडे बोलावलं. काकूंचे गुडघे, काकांचं बीपी, नाही म्हणायला जागा नव्हती. जायच्या आधीचे पंधरा दिवस काका रोज खाडीवर गेले. सामान काकूंनी बांधलं. मी सहज म्हणालो, “काका, आता राहू द्या की.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुण्याला खाडी नाही रे. इथून मी थापाड्या म्हणून जाणार आणि तिथे खरं करून दाखवायला पाणीच नसणार.”  मला खरंच लाज वाटली.

शेवटच्या दिवशी दुपारी सामानाचा ट्रक गेला. फ्रीज, गॅस, भांडी, सगळं गेलं. राहिले ते दोघं, दोन सतरंज्या आणि मासे धरायची काठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी येणार होती. “चार पाऊणे तीन,” असं पुटपुटत काका खाडीवर निघून गेले.

साडेसहाला जिन्यात गलका ऐकू आला. मी दार उघडून खाली वाकलो. काका एकेक मजला चढत होते. प्रत्येक मजल्यावर थांबून दम खात होते आणि त्यांच्या हातात कोपरापासून बोटांपर्यंत लांब एक करडा मासा होता. डोकं चपटं, डोळे वर. तोंडात हिरवं रबर तसंच ठेवलेलं होतं. लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी होती. नोटीस माझी, म्हणून हा माणूस बीपी घेऊन चार मजले चढत होता. पण त्यामुळेच प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी ओढणी नाकाला लावली आणि दुसऱ्या हाताने मोबाईल काढला. “अंकल, ये तो सच्ची में है! रबर भी दिखाओ ना!” काकांनी रबर दाखवलं. माझ्यासमोर आले. कठड्याला टेकून म्हणाले, “उचललं. पाडलं. थांबलो.”

मी काही म्हणायच्या आत त्यांच्या दारातून काकूंचा आवाज आला. “अहो, आज संकष्टी!”

काका तसेच उभे राहिले. तिथीची पाऊणपट करता करता ती तिथी संकष्टी आहे हे त्या माणसाच्या लक्षातच आलं नव्हतं! फ्रीज पुण्याच्या वाटेवर, गाडी सकाळी सातला. त्यांनी मासा माझ्या हातात दिला. “तू खा उद्या. मला चव सांग. बापाच्या वेळचीच आहे का, एवढं बघ.”

आमच्याकडेही संकष्टीच होती. नैवेद्याच्या मोदकांशेजारी मासा ठेवायला बायकोने साफ नकार दिला. मी बाजारातून थर्माकोलचा खोका आणि बर्फ आणला, मासा त्यात ठेवला आणि खोका गॅलरीत ठेवून वर पाट ठेवला. सकाळी सातला काका गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, “आज दुपारीच कर हं. शिळा नको.” मी मान डोलावली आणि वर येऊन गॅलरीचं दार उघडलं.

पाट खाली पडला होता. बर्फाचं पाणी झालं होतं. सोसायटीच्या मांजरीने, जिला काढून टाकावं म्हणून मीच दोनदा ठराव मांडला होता, सगळा मासा खाऊन टाकला होता. चपटं डोकं तेवढं शिल्लक होतं आणि त्याच्या तोंडात रबर.

दुपारी दोनला पुण्याहून फोन आला. “जेवलास?”

“जेवलो, काका.”

“मग?”

समोर ओट्यावर ते डोकं वर बघत पडलं होतं. मी म्हणालो, “गोडसर. आणि काटा आपणहून सुटतो.”

पलीकडे काका थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “फेकत नाहीस ना?”

“नाही, काका.”

“तीच चव रे! तीच!” आणि त्यांनी ते तिकडे काकूंनाही ओरडून सांगितलं.

शेपटीला मांजरीचे दात लागलेलं ते रबर आता माझ्याकडे आहे. मीही पाऊणकी पाठ केलीय आणि रविवारी खाडीवर जातो. एक चपट्या धरायचा, खायचा आणि मग काकांना खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवलंय. अजून टक् सुद्धा नाही. नोटीस लिफ्टमध्ये तशीच आहे, आज्ञेवरून. मी रिकाम्या हाताने येतो, तरी जिन्यानेच चढतो. वॉचमन आता मला विचारतो, “सेक्रेटरीसाब, आज कितना फेका?”

दर संकष्टीला काकांचा फोन न चुकता येतो. टाकीची चौकशी होते, मावशीची होते, आणि शेवटी ते हळूच विचारतात, “काय रे, त्या चपट्याची चव अजून आठवते का?”

“आठवते, काका,” मी म्हणतो.